कुत्रा सारखा नाक का घासतो?

भातकापणीच्या दिवसांत वाडीतले कुत्रे बांधावरच्या वाळल्या गवतातून फिरून येतात. मग एखादा अचानक लागोपाठ शिंकू लागतो, पंजाने नाक ओरबाडतो, जमिनीला तोंड घासतो. आपण म्हणतो, सर्दी झाली. दर वेळी सर्दी नसते.

आधी एकच गोष्ट पाहावी: त्रास एका नाकपुडीला आहे की दोन्हींना?

एकाच बाजूने पाणी किंवा रक्ताचा थेंब येत असेल तर बहुधा आत काहीतरी अडकलेले असते. या दिवसांत ते गवताचे कुसळ असते. त्याला उलटे काटे असतात, त्यामुळे ते मागे न येता आतच सरकते. चिमटा किंवा काडी घालून आपण ते आणखी खोल ढकलतो. ते काढणे डॉक्टरांचेच काम. कुत्र्याला गुंगी द्यावी लागते. म्हाताऱ्या कुत्र्यात वरच्या किडलेल्या दाढेचा पू किंवा नाकातली गाठही असेच दाखवते.

दोन्ही नाकपुड्यांतून पातळ पाणी येत असेल तर धूर पाहा. चूल, कचऱ्याची जाळपोळ, उन्हाळ्यात शेतात भाजलेला राब. आणि मच्छर अगरबत्ती! ती आपण खाली जमिनीवर लावतो, आणि कुत्रा झोपतो तिथेच. ती जागा बदलली की पुष्कळदा शिंका थांबतात. कारखान्याजवळच्या वस्तीत त्याच्या अंगावर, नाकावर रंग किंवा भुकटी दिसली तर धुवून टाका आणि लोकांना सांगा. याच जिल्ह्यात तळोजा एमआयडीसीत ऑगस्ट २०१७ मध्ये कुत्रे निळे झाले होते, तेव्हा रंगाचे प्रदूषण सगळ्यांच्या डोळ्यांवर आले. आपणही तीच हवा घेतो.

नाक आणि डोळ्यांतून घट्ट पिवळा पू, ताप, खाणे बंद, असे पिल्लाला झाले तर तो डिस्टेंपर असू शकतो. वाडीतल्या बाकीच्या कुत्र्यांपासून त्याला लगेच वेगळे ठेवा. माणसाला तो होत नाही. वेळेवर लस दिली तर टळतो.

मार न लागता नाकातून रक्त आले तर कान आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. गोचीडतापात रक्त गोठण्याची शक्ती कमी होते. अशा वेळी घरातली ॲस्पिरिन दिली तर रक्त वाढते.

घरी एवढेच करावे: कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती फडक्याने नाक पुसावे, प्यायला स्वच्छ पाणी ठेवावे. नाक नुसते कोरडे असेल तर घाबरू नये, झोपून उठल्यावर ते तसे असतेच. पण कापूर, बाम, मोहरीचे तेल लावू नका. आपल्या बंद नाकाचे थेंब तर मुळीच नको. थोडेसेही कुत्र्याला विषारी ठरतात.

लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असा कुत्रा 'घशात हाड अडकले' म्हणून पकडू नका. तो रेबीजही असू शकतो. लाळ जखमेला लागली किंवा ओरखडा आला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.

पशुवैद्यकीय दवाखान्यात नेताना एक लक्षात ठेवा: नाक चोंदलेला कुत्रा तोंडाने श्वास घेतो. त्याचे तोंड बांधू नका.