काचबिंदूतील दृष्टिक्षेत्र परीक्षण : प्रकाशठिपक्याच्या आकाराचा विचार

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावातील काचबिंदूचा रुग्ण अहिल्यानगर वा पुण्यास जाऊन दृष्टिक्षेत्राची तपासणी करवून येतो आणि अहवाल आपल्यापुढे ठेवून विचारतो, "डॉक्टर, डोळा सुधारला का?" उत्तर देण्यापूर्वी अहवालातील एक लहानशी नोंद पाहणे अगत्याचे आहे. ती म्हणजे प्रकाशठिपक्याचा आकार. प्रस्तुत लेखात आम्ही तिचाच विचार करीत आहोत.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेल्या अधिमंथात तीव्र वेदना हे प्रधान लक्षण आहे. याउलट ओपन अँगल प्रकारचा काचबिंदू बहुधा वेदनारहित असतो. मध्यवर्ती दृष्टी दीर्घकाळ टिकते. त्यामुळे तक्त्यावरील अक्षरे बिनचूक वाचणाऱ्या रुग्णाचीही बाजूची दृष्टी बरीच गेलेली असू शकते. ही हानी दृष्टिक्षेत्र परीक्षणानेच मोजता येते.

ठिपक्यांचे आकार

बर्न येथील नेत्रतज्ज्ञ हान्स गोल्डमन यांनी १९४५ साली अर्धगोलाकृती परीक्षणयंत्र प्रचारात आणले. त्यांनी ठरविलेले आकार आजच्या संगणकीय यंत्रांतही वापरतात. ३० सें.मी. अंतरावर क्रमांक १ ते ५ या ठिपक्यांचे क्षेत्रफळ अनुक्रमे ०.२५, १, ४, १६ व ६४ चौ.मि.मी. असते, म्हणजे प्रत्येक पायरीस क्षेत्रफळ चौपट व व्यास दुप्पट होतो. क्रमांक ३ चा व्यास ०.४३ अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या बिंबाहून किंचित लहान, तर क्रमांक ५ चा १.७२ अंश भरतो.

तुलना

नेहमीच्या तपासणीत क्रमांक ३ वापरतात. रोग बळावल्यावर मात्र या ठिपक्याने अनेक बिंदूंवर शून्याच्या आसपास आकडे येतात आणि पुन्हा तपासल्यास ते बरेच बदलतात. अशा वेळी क्रमांक ५ उपयोगी पडतो. त्याचे आकडे तुलनेने स्थिर असतात व उरलेली दृष्टी मोजता येते. मात्र आरंभीचे सूक्ष्म दोष मोठ्या ठिपक्याने निसटण्याचा संभव असतो.

मोठा ठिपका मंद प्रकाशातही दिसतो. म्हणून त्याच डोळ्यात, त्याच बिंदूवर डेसिबलचा आकडा वाढतो. समजा, क्रमांक ३ ने ६ डेसिबल आले आणि पुढील वेळी क्रमांक ५ ने १५ आले. डोळा तोच, रोगही तेवढाच. बदलले ते केवळ माप. यालाच तर्पणाचा वा घृताचा गुण समजून नेत्रदाब कमी करणारे थेंब थांबविले, तर दृष्टीची हानी होईल आणि ती भरून येणार नाही.

व्यवहारात

१. अहवालावर ठिपक्याचा क्रमांक रोमन अंकात असतो. तो प्रथम वाचावा. भिन्न आकारांच्या अहवालांतील आकडे एकमेकांशी ताडू नयेत.
२. पहिल्या तपासणीत रुग्ण नवखा असतो. दुसरा अहवाल केवळ सवयीनेही चांगला येऊ शकतो.
३. नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून थेंब बंद करू नयेत.
४. औषधविक्रेत्यांनी स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीवाचून देऊ नयेत; दीर्घ वापराने नेत्रदाब वाढू शकतो.

रुग्णाचे जुने अहवाल क्रमवार जपून ठेवण्याची सवय व्यवसायबंधूंनी त्यास लावावी, ही आमची नम्र विनंती.