माशाचं पित्त औषध म्हणून गिळू नका, किडनी जाते



रोहू-कटला साफ करताना पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, हे आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. फुटली की मासा कडू. पण हीच पिशवी साखरेवर, दम्यावर, सांधेदुखीवर औषध म्हणून कच्ची गिळणारेही लोक आहेत. त्यातून किडनी बंद पडलेल्या रुग्णांच्या नोंदी भारतात डॉक्टरांनी अनेकदा केल्या आहेत. उकाईच्या जलाशयात रोहू, कटला, मृगळ मिळतात. सुरत-कडोदऱ्याकडे खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबं हेच मासे खातात. पिशवी मागायला येणारा माणूसही मासेवाल्याकडेच येणार, म्हणून हे लिहितोय.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. लघवीवाटे त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर जातं, बाकीचं बारीक नळ्या परत रक्तात घेतात. पित्तातलं सायप्रिनॉल सल्फेट हे विष या नळ्यांनाच मारतं. पित्त शिजवलं तरी ते जात नाही, दारूतून घेतलं तरी नाही. मासा मोठा तितकं पित्त जास्त. (पिशवी नीट काढलेला मासा खायला काहीच हरकत नाही. उगाच अफवा नको, धंदा आपलाच आहे.)

गिळल्यावर काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते. मग जरा बरं वाटतं, आणि घात इथेच होतो. दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते, अंगावर सूज येते, कधी डोळे पिवळे होतात. घरचे म्हणतात कावीळ झाली, आणि झाडपाला सुरू होतो. मोठ्या माणसाची लघवी दिवसभरात ४०० मिलीच्या खाली गेली, तर थांबू नका. रक्तातलं क्रिएटिनिन साधारण ०.६ ते १.२ असतं; दोन दिवसांत ते ०.३ ने वाढलं तरी डॉक्टर किडनीला इजा धरतात. डॉक्टरांना सांगताना लाजू नका: कोणत्या माशाचं पित्त, किती, कधी घेतलं. हे कळलं नाही तर गॅस्ट्रो नाहीतर कावीळ समजून वेळ जातो.

या विषावर उतारा नाही. सलाईन मोजून देतात, लघवी आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. लघवी बंद असताना ताकद येईल म्हणून नारळपाणी पाजू नका. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठून हृदय थांबू शकतं. अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅकसारखी गोळीही नको. १०८ला फोन करा, सुरतेचं नवं सिव्हिल किंवा स्मीमेर गाठा.

डायलिसिस म्हटलं की घर हादरतं, आता जन्मभर हेच असं वाटतं. इथे बहुतेकदा तसं नसतं. वेळेत पोचलेल्या बहुतेकांची किडनी काही आठवड्यांत पुन्हा चालू लागते. मध्ये काही दिवस लघवी उलट फार होते, पाणी-क्षार कमी पडतात. त्या दिवसांत डिस्चार्जची घाई करू नका.