भक्षकांचा दाब आणि सरड्यांची उत्क्रांती

भोपाळच्या मोठ्या तलावात तकिया नावाचे एक लहानसे बेट आहे. ते चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले असले, तरी किनारा फार दूर नसल्यामुळे घार किंवा शिक्रा तेथे सहज पोहोचू शकतो. भूगोलाच्या दृष्टीने हे बेट होय. परंतु सरड्याच्या दृष्टीने खरे बेट म्हणजे जेथे त्याचा शत्रू क्वचितच पोहोचतो ती जागा.

महासागरातील दूरच्या बेटांवर अशी स्थिती आढळते. १८३५ साली गालापागोस बेटांवर डार्विनने एका सागरी इग्वानाला वारंवार पाण्यात फेकले. तो प्रत्येक वेळी सरळ किनाऱ्याकडे, डार्विन उभा होता तेथेच परत येई. जमिनीवर त्याला शत्रू नाही, समुद्रात मात्र शार्क मासे आहेत, असे कारण डार्विनने सुचविले.

पळून जाण्यालाही किंमत द्यावी लागते. पळणाऱ्या सरड्याचे भक्ष्य निसटते आणि त्याची शक्ती खर्च होते. जेथे भक्षक पुष्कळ, तेथे सावध सरडे जगतात. जेथे ते विरळ, तेथे विनाकारण पळणारे मागे पडतात. सरडा किती अंतरावरून पळ काढतो, त्यास पलायन-अंतर म्हणता येईल. ६६ जातींच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात बेटांवरील सरड्यांचे पलायन-अंतर कमी आढळले, आणि बेट मुख्य भूमीपासून जितके दूर, तितके ते अधिक घटलेले दिसले.

भक्षक आला, तर काय होते? बहामातील काही छोट्या बेटांवर संशोधकांनी जमिनीवर शिकार करणारा एक मोठा सरडा मुद्दाम सोडला. पहिल्या सहा महिन्यांत तेथील लहान सरड्यांपैकी लांब पायांचे, म्हणजे वेगाने धावणारे, अधिक टिकले. पुढे उरलेल्यांनी झुडपांच्या बारीक फांद्यांचा आश्रय घेतला. तेव्हा आखूड पाय लाभदायक ठरले. एका वर्षाच्या आत निवडीची दिशा उलटली.

याच विषयाचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे, आणि तेथे समुद्र नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखाली निळी, काळी व नारिंगी झालर मिरविणारा सरडा राहतो. २०१६ साली त्याच्या प्रजातीस मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ हे शास्त्रीय नाव देण्यात आले. या पठाराच्या काही भागात पवनचक्क्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. उलट पवनचक्क्यांच्या भागात सरडे अधिक, पण शरीराने कृश होते. त्यांचे पलायन-अंतर कमी होते, तणावाच्या वेळी रक्तात वाढणारे संप्रेरक कमी आढळले आणि नरांचे रंगही फिके होते. फिरत्या पात्यांनी जणू जमिनीवरच एक बेट निर्माण केले.

येथे एक भेद विद्यार्थ्यांस स्पष्ट करून द्यावा. एकाच प्राण्याच्या आयुष्यात परिस्थितीनुरूप होणारा बदल आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशाने उतरणारा बदल या दोन भिन्न गोष्टी होत. चाळकेवाडीचे सरडे निर्धास्त दिसतात, एवढ्यावरून त्यांची उत्क्रांती सिद्ध होत नाही. परंतु निवडीचा दाब मात्र निश्चित बदलला आहे. असा दाब दीर्घकाळ नाहीसा राहिला आणि भीतीच लोपली, तर पुढे एखादे मांजर वा मुंगूस आल्यावर सरड्यांना पळण्यास अवधी मिळणार नाही. दूरच्या अनेक बेटांवरील प्राण्यांचा नाश असाच झाला आहे. पवनऊर्जेची आवश्यकता निर्विवाद आहे; म्हणूनच पवनचक्कीची जागा ठरविताना केवळ वाऱ्याचा वेग नव्हे, तर शिकारी पक्ष्यांचा वावरही विचारात घेतला पाहिजे.

स्वाध्याय : (१) शाळेच्या आवारातील सरड्याकडे सावकाश चालत जाऊन त्याचे पलायन-अंतर पावलांनी मोजा, सरड्यास पकडू नये. (२) हीच मोजणी वर्दळीच्या व निर्जन जागी करून दोहोंची तुलना करा. (३) आढळलेला फरक सवयीचा की वारशाचा, हे ठरविण्यास आणखी कोणती माहिती लागेल?