डेव्हऑप्सकडे वळताना: सर्टिफिकेटची फी, क्लाउडचं बिल आणि रात्रीचा फोन

पाच-सहा वर्षं जावा लिहिणाऱ्या डेव्हलपरला ‘प्लॅटफॉर्म टीममध्ये येतोस का?’ अशी विचारणा होणं हिंजवडी-खराडीत आता नवं राहिलेलं नाही. विचारणा झाली की बहुतेक जण आधी सर्टिफिकेटची फी बघतात. तिथूनच सुरुवात करू, कारण तिथले आकडे सरळ आहेत.

कुबरनेटिसच्या ‘सीकेए’ परीक्षेची फी ४४५ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर चाळीस हजारांच्या घरात. वर परदेशी व्यवहार म्हणून कार्डाची बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के लावते. पैसे अगदीच वाया जातात असं नाही. दोन तास टर्मिनलसमोर बसून चालत्या क्लस्टरवर काम करायचं असतं, चारांतला एक पर्याय निवडायची सोय नाही. नापास झालात तर त्याच फीत एकदा पुन्हा बसता येतं. पण सर्टिफिकेट चालतं दोनच वर्षं. २०२४ पर्यंत ते तीन वर्षांचं मिळायचं. म्हणजे महिना सोळाशे-सतराशे रुपये भाडंच झालं. एडब्ल्यूएसचं सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलर, कर वेगळा, मुदत तीन वर्षं. टेराफॉर्मचं ७०.५० डॉलर, मुदत दोन वर्षं. तिन्ही मिळून साठ हजार होतात. तिन्ही घेऊ नका. एकच घ्या, तेही फी परत देण्याचं कंपनीने मेलवर कबूल केल्यावर. आणि त्या मेलमध्ये ‘अमुक महिने नोकरी सोडता येणार नाही’ असं कलम दडलंय का ते बघा. घाई नसेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबा, लिनक्स फाउंडेशनचा सेल त्या सुमारास असतो.

क्लास लावायचा का? लिनक्सच्या कमांड हाताखालच्या असतील तर युडेमीवर सेलमध्ये पाचशेच्या आसपास मिळणारा कोर्स पुरतो. तरी लावायचाच असेल तर क्लासवाल्यांना एक प्रश्न विचारा: सरावाचं क्लाउड बिल कोणाच्या कार्डावर? ‘विद्यार्थ्याच्या’ असं उत्तर आलं तर फी आणि तिच्यावरच्या जीएसटीत तेही मिळवा.

फसगत होते ती या बिलात. ईकेएसचा क्लस्टर नुसता उभा ठेवायचे तासाला १० सेंट, महिनाभर चालू राहिला तर ७३ डॉलर, म्हणजे साडेसहा हजार. त्याच्या जोडीला बहुधा नॅट गेटवे येतो, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या दरानेही तासाला साडेचार सेंट: आणखी तीन हजार. सर्व्हरचे पैसे यात अजून धरलेलेच नाहीत. रविवारी दुपारी सराव संपवून ‘टेराफॉर्म डिस्ट्रॉय’ मारलं की सगळं साफ झालं असं वाटतं. होत नाही. सर्व्हिसचा प्रकार ‘लोडबॅलन्सर’ लिहिला होता ना, तो लोड बॅलन्सर कुबरनेटिसने परस्पर मागवलेला असतो. टेराफॉर्मच्या स्टेट फाइलमध्ये त्याची नोंदच नसते. तो मागे राहतो, डेटाबेससाठी मागवलेली डिस्क मागे राहते, आणि दोन्हींचं मीटर पळत असतं. आधी ‘क्यूबसीटीएल डिलीट’ने सर्व्हिस आणि पीव्हीसी काढा, मगच डिस्ट्रॉय. बजेट अलर्ट जरूर लावा, पण तो मेल पाठवतो, बिल थांबवत नाही. पहिले दोन-तीन महिने तर क्लाउड नकोच. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ‘काइंड’ किंवा ‘मिनिक्यूब’ फुकटात चालतं.

आता मोठा खर्च, ज्याची पावती मिळत नाही. ‘प्लॅटफॉर्म टीम’ या एकाच पाटीखाली दोन जातींची कामं चालतात. एका ठिकाणी तुम्ही गो भाषेत ऑपरेटर लिहिता, स्पॉटिफायने २०२० मध्ये खुल्या केलेल्या बॅकस्टेजसाठी प्लगइन लिहिता, आणि कंपनीतल्या बाकी टीम तुमच्या ग्राहक असतात. दुसऱ्या ठिकाणी दिवस जातो जेनकिन्सची लाल पाइपलाइन हिरवी करण्यात, यामलमधला मेमरीचा आकडा ५१२ वरून १०२४ करण्यात आणि ‘अ‍ॅक्सेस द्या’ची तिकिटं बंद करण्यात. तिथे दोन वर्षं काढून पुन्हा डेव्हलपर म्हणून मुलाखतीला बसलात की कोडिंगची फेरी जड जाते. त्या तयारीत ज्या संध्याकाळी जातात, त्यांच्यापुढे सीकेएची फी किरकोळ.

गूगलच्या २०१६ च्या एसआरई पुस्तकात (ते वेबवर फुकट वाचता येतं) ऑपरेशन्सचं काम निम्म्या वेळेच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा दंडक आहे. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपनीत तो कोणी पाळेल या भ्रमात राहू नका, पण वाटाघाटीला आकडा हाताशी असलेला बरा. ‘काम कसं असेल?’ असं विचारलंत तर ‘छान, खूप शिकायला मिळेल’ हेच ऐकू येणार. त्यापेक्षा टीमचा मागच्या महिन्याचा जिरा बोर्ड दाखवायला सांगा. तिकिटं किती, कोड लिहायची कामं किती, दहा मिनिटांत कळतं. कोडची कामं एक तृतीयांशाहून कमी असतील तर मी नाही म्हणेन. जावंच लागलं, तर जुन्या टीमच्या एका सर्व्हिसचे कोड रिव्ह्यू स्वतःकडे ठेवून.

राहिला ऑन-कॉल. एका वेळी दोघे ड्युटीवर ठेवायचे तर एका जागच्या टीममध्ये किमान आठ जण हवेत, असं तेच पुस्तक सांगतं. तेव्हा महिन्यातून एक आठवडा वाट्याला येतो. टीम चौघांचीच असेल तर दर दुसऱ्या आठवड्याला फोन उशाशी. भत्ता किती, रात्री दोनला उठावं लागलं तर सकाळी किती वाजता लॉगिन करायचं, साठलेल्या कॉम्प-ऑफची मुदत किती, हे बदलीच्या मेलमध्ये लिहून घ्या. आणि बदली अप्रेझलच्या तोंडावर होत असेल, तर रेटिंग जुना मॅनेजर देणार की नवा, तेही.