रक्तपट्टिकांची संख्या आणि रक्तपट्टिकांचे काम

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सारे त्यांना आप्पा म्हणतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला, त्याला पाच महिने झाले होते. एके सकाळी ते रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले व म्हणाले, "भाऊ, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार, म्हणजे नॉर्मल. मग रक्त पातळ करायच्या या गोळ्या कशाला? कालपासून बंद केल्या."

मी बँकेतला कारकून, कला शाखेचा पदवीधर. मला उत्तर देता आले नाही. त्याच दिवशी आप्पांना डॉक्टरांकडे नेले व गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यानिमित्ताने जे विचारले व वाचले, ते समाजबांधव व विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडत आहे.

रक्तपट्टिका काय करतात?

प्लेटलेट म्हणजेच रक्तपट्टिका. एक मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्यांना केंद्रक नसते व त्या सात ते दहा दिवस जगतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात व रक्त थांबते. मात्र हृदयाच्या अरुंद झालेल्या वाहिनीत किंवा नव्या स्टेंटमध्ये अशीच गुठळी झाली, तर झटका येतो.

डेंग्यूमुळे आपल्याला रक्तपट्टिकांची संख्या मोजण्याची सवय झाली आहे. पण संख्या व काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या हजेरीपटावर दहा जणांच्या सह्या असल्या, तरी किती खिडक्यांवर काम चालू आहे हे त्यावरून कळत नाही. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तपट्टिका कमी करीत नाहीत, त्यांची चिकटण्याची शक्ती कमी करतात. म्हणून गोळी चालू असताना संख्या नॉर्मल येणे हे अपेक्षितच आहे.

ॲस्पिरिन रक्तपट्टिकेतील एक विकर कायमचे बंद पाडते. केंद्रक नसल्यामुळे रक्तपट्टिका ते नव्याने तयार करू शकत नाही. परंतु शरीरात रोज नव्या रक्तपट्टिका येतात, म्हणून गोळीही रोज घ्यावी लागते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात झटक्यानंतर महिनाभर दिलेल्या ॲस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. क्लोपिडोग्रेलचे काम यकृतात त्याचे रूपांतर झाल्यावर सुरू होते. काही जणांत जन्मतःच हे रूपांतर कमी होते. त्यांना गोळीचा गुण कमी येतो.

काम कसे तपासतात?

गुस्टाव बॉर्न या शास्त्रज्ञांनी १९६२ साली एक पद्धत मांडली. रक्त हळू फिरवून रक्तपट्टिकांनी भरलेला गढूळ द्रव वेगळा करतात. त्यातून प्रकाश सोडतात व रक्तपट्टिकांना चिकटविणारे रसायन घालतात. त्या चिकटून गोळा झाल्या की द्रव निवळतो व प्रकाश जास्त पार होतो. गोळी लागू असेल तर द्रव तितका निवळत नाही. आता बोटभर नळीतील रक्तावर काही मिनिटांत उत्तर देणारी यंत्रेही आहेत.

ही तपासणी रक्त काढल्यापासून सुमारे चार तासांत करावी लागते आणि नमुना बर्फात ठेवून चालत नाही. भुसावळहून मुंबईला रेल्वेनेच त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे फैजपूरहून नमुना पाठविता येत नाही; रुग्णालाच मोठ्या शहरात जावे लागते.

मग ती सर्वांनी करावी का?

नाही. फ्रान्समध्ये २,४४० रुग्णांचा अभ्यास झाला व २०१२ साली प्रसिद्ध झाला. तपासणी करून औषध बदलल्याने रुग्णांचा विशेष फायदा झाल्याचे त्यात दिसले नाही. म्हणून ती सरसकट करीत नाहीत. गोळ्या चालू असताना पुन्हा गुठळी झाली, किंवा बायपास शस्त्रक्रियेसाठी किती दिवस थांबावे हे ठरवायचे असेल, तर डॉक्टर ती सांगू शकतात. ही तपासणी परवडली नाही म्हणून आपले उपचार अपुरे राहिले, असे कोणी मानू नये.

गोळी लागू पडत नाही असे वाटते, तेव्हा बरेचदा ती नियमित घेतलेलीच नसते. गुडघेदुखीवरील आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या आड येते, तर पित्तावरील ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी. शौचाला काळे झाले किंवा रक्त थांबेना, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. दात काढायचा असेल तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये.

आप्पा आता रोज रात्री जेवणानंतर गोळी घेतात व भिंतीवरील कॅलेंडरवर खूण करतात. आपल्या घरी असे कोणी असेल, तर हे कॅलेंडर पाहण्याचे काम घरातील विद्यार्थ्यांनी आपल्याकडे घ्यावे, एवढीच विनंती.