भोंगा नसलेली नोकरी

कामाच्या वेळा सोयीनुसार ठेवा असं कंपनीने सांगितलं की बहुतेक जण एकच गोष्ट बघतात: प्रवास वाचला का? हिंजवडीला रोज जाणाऱ्याने दुसरं काय बघावं? वाकडच्या पुलावर पावसाळ्यातली एक संध्याकाळ काढली की कुठलीही अट मान्य व्हायला लागते. पण अशा मोकळ्या वेळांत काही वर्षं काम केल्यावर मी प्रवासाचा प्रश्न बराच खाली ठेवतो. पहिला प्रश्न हा, की तुम्ही कामावर कधी आहात हे तुमच्याखेरीज कोणाकोणाला माहीत असणार आहे?

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात होते. पाळी दर आठवड्याला बदलायची आणि ती आमच्या अख्ख्या घराला पाठ असायची. तिसरी पाळी करून ते सकाळी झोपले की आई रेडिओ लावायची नाही. शेजारच्या काकू कडी न वाजवता खिडकीतून हाक मारायच्या, तीही दबक्या आवाजात. दुसरी पाळी असेल तर जेवणं लवकर व्हायची आणि लग्नाचं आमंत्रण द्यायला येणारे आधी विचारायचे, ‘साहेबांची पाळी कुठली?’ वेळ विचित्र होती, शरीराचे हाल होते, पण ती वेळ सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून सगळे मिळून ती सांभाळत.

मी अमेरिकी ग्राहकांच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायचो. आमच्याकडे दुपारी चार ते रात्री नऊ सगळ्यांनी ऑनलाइन असायचं आणि उरलेले तीन तास ज्याचे त्याने केव्हाही भरायचे, असं ठरलं होतं. कागदावर याहून चांगलं काय असणार? मी ते तीन तास सकाळी नऊ ते बारा धरले होते. मात्र ते फक्त माझ्या डोक्यात होते. बायको बँकेत, मुलगा शाळेत, आई घरात आणि मी ‘घरीच’. गॅसचा सिलिंडर घ्यायचा, इंटरनेटवाल्याला वर घ्यायचं, आईला रक्त तपासायला न्यायचं, सोसायटीच्या टँकरच्या पावतीवर सही करायची. यातलं एकही काम चुकीचं नव्हतं आणि कोणी हट्टानेही सांगितलं नव्हतं. ‘घरीच आहेस ना, मग जरा...’ एवढंच वाक्य असायचं, आणि ते खरंच होतं.

मग सकाळचे तास रात्री सरकले. रात्री लिहायला बसलं की तिकडचा माणूस जागा असतो, त्याला आपला हिरवा ठिपका दिसतो आणि तो ‘एक मिनिट आहे का’ विचारतो. काम आठ तासांचंच होतं, पण सकाळी नऊपासून मध्यरात्रीपर्यंत पसरलं होतं. ऑफिसला वाटे, हा उशिरापर्यंत असतोच. घरच्यांना वाटे, हा दिवसभर मोकळाच असतो. दोन्हीकडचा हिशेब आपापल्या जागी बरोबर!

परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: वेळ नक्की कोणाच्या बाजूने वाकते आहे? न्यूयॉर्कमध्ये सकाळी दहाला ठेवलेली बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तीच बैठक साडेआठवर येते, ती थेट मार्चपर्यंत. कॅलिफोर्नियातले सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्यांच्या कॅलेंडरमध्ये काहीच बदललेलं नसतं, जेवणाची वेळ आपली हलते. अशा टीममध्ये ‘लवचीक’ वेळ मिळाली तर ती बहुधा दिवसाच्या एकाच टोकाला लवचीक असते.

गंमत म्हणजे या पद्धतीची सुरुवात झाली तेव्हा तिच्यात इतका सैलपणा नव्हता. १९६७ साली म्युनिकजवळ ओटोब्रुन इथे एका विमान बनवणाऱ्या कंपनीने ती आणली, तीही सगळे एकाच वेळी येऊन रस्ते तुंबायचे म्हणून. मधले काही तास सर्वांनी हजर राहायचं, आधीचे आणि नंतरचे मागेपुढे करायचे, आणि तासांची नोंद मात्र चोख. आपल्याकडे सवलत आली आणि नोंद राहून गेली.

नोंदीला महत्त्व आहे ते पैशांमुळेही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. व्यवस्थापक आणि देखरेखीच्या पदांना तो लागू होत नाही, आणि ‘लीड’, ‘मॅनेजर’ अशा पदव्या हल्ली सढळ हाताने वाटल्या जातात, हा भाग वेगळा. पण ज्यांना लागू होतो तेही मागणार काय, जर तास कुठे लिहिलेलेच नसतील? बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करू इच्छिणाऱ्या बाईनेही हे लक्षात ठेवावं. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा हा हक्क झाला. त्यापुढचं घरून काम मात्र कामाचं स्वरूप पाहून मालक आणि ती, दोघांच्या संमतीने ठरतं. तोंडी संमती साहेब बदलला की जाते.

मग ही पद्धत सोसते कोणाला? माझ्या पाहण्यात, ज्यांच्या दिवसात ऑफिसबाहेरची एखादी न हलणारी वेळ आहे त्यांना. माझ्या ओळखीतली एक जण संध्याकाळी साडेपाचला तबल्याचा वर्ग घेते. मुलं दारात उभी असतात, त्यामुळे पाच वाजता तिचा लॅपटॉप बंद होतोच, आणि हे तिच्या साहेबापासून सासूपर्यंत सर्वांना माहीत आहे. ‘स्वतःसाठी वेळ हवा’ एवढंच ज्याचं कारण आहे, त्याचा तो वेळ पहिल्या महिन्यातच कोणीतरी उचलून नेतं. आणि नोकरीला नुकतेच लागलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारच्या टेबलावरचा माणूस चिडलेल्या ग्राहकाशी फोनवर कसा बोलतो, हे ऐकूनच अर्धं काम शिकता येतं.

ठरवण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. काम खरोखर कधी झालं आणि कोणी मोडलं, एवढंच लिहा. ज्यांचं काम दुसऱ्याच्या उत्तरावर अडतं त्यांना त्यात दिसेल की मोकळी वेळ म्हणजे नुसतं वाट बघणं आहे. घरात दार लावून बसता येईल अशी जागा आहे का पाहा. पुण्यात असाल तर गुरुवारी वीज आणि पाणी जाऊ शकतं हे धरूनच आठवडा आखा, निदान राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि कामाचे तास फ्रिजवर लावा, टीमच्या कॅलेंडरमध्येही टाका. घरच्यांना ते वाचून हसू आलं तरी चालेल.

मी आता लंडनच्या टीमकडे बदली मागून घेतली आहे. सकाळी साडेअकरा ते रात्री आठ, ठरलेली वेळ. आईला ती पाठ आहे आणि मला तीच मानवते. तुम्हाला विचारणा झाली असेल तर जरूर करून बघा, पण सहा महिन्यांत जमलं नाही तर जुनी वेळ परत मिळेल, अशी एक ओळ ई-मेलवर घ्या. ती ओळ लिहून द्यायला कंपनी का-कू करत असेल, तर आहे त्या वेळेत राहा.