गाळ की पाणी? : सेंद्रिय क्षपण आणि उत्प्रेरकाचे कार्य

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे हे शेजारशेजारचे तालुके. पेण गणेशमूर्तींसाठी व खाडीकाठच्या मिठागरांसाठी पूर्वापार ओळखले जाते. रोहे कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. गेल्या काही दशकांत या दोन्ही तालुक्यांत मोठे उद्योग आले. पेण तालुक्यात डोलवी येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, तर रोह्याजवळ धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तेथे प्रामुख्याने रासायनिक कारखाने आहेत. एकीकडे लोखंड व पोलाद, दुसरीकडे रसायने. वरवर पाहता या दोहोंत काही साम्य दिसत नाही. परंतु लोखंड तयार करताना आणि रंग व औषधे यांना लागणारी अनेक द्रव्ये तयार करताना एकच मूलभूत क्रिया उपयोगी पडते. तिचे नाव क्षपण. कारखान्यात तिला सर्रास 'रिडक्शन' म्हणतात. हे क्षपण कोणत्या मार्गाने केले जाते यावर उत्पादनाचा खर्च तर अवलंबून असतोच. पण कारखान्याच्या मागच्या आवारात काय साचेल, हेही त्यावरच ठरते.

क्षपण म्हणजे काय?

एखाद्या पदार्थातील ऑक्सिजन काढून घेणे किंवा त्याला हायड्रोजन जोडणे म्हणजे क्षपण, अशी त्याची सोपी व्याख्या करता येईल. लोखंडाचे खनिज हे लोखंड व ऑक्सिजन यांचे संयुग होय. त्यातील ऑक्सिजन काढला की धातू मोकळा होतो. डोलवी येथील स्पंज आयर्नचा विभाग १९९४ मध्ये सुरू झाला. या पद्धतीत नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू तयार करतात व त्यांच्याकरवी खनिजातील ऑक्सिजन काढून घेतात. नैसर्गिक वायूचे हे रूपांतर निकेलच्या सान्निध्यात होते. निकेल स्वतः खर्ची पडत नाही. क्रियेचा वेग मात्र वाढवते. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

सेंद्रिय रसायनांतही हाच प्रकार घडतो. नायट्रोबेंझीन या द्रवाच्या रेणूतील दोन ऑक्सिजन अणू काढून त्यांच्या जागी दोन हायड्रोजन अणू आणले की अ‍ॅनिलिन मिळते. अ‍ॅनिलिनपासून रंग, रबरासाठी लागणारी रसायने व औषधे यांची लांबच लांब मालिका सुरू होते. याच जिल्ह्यात रसायनी येथे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या उत्पादनांत नायट्रोबेंझीन व अ‍ॅनिलिन यांचा समावेश होता. तेथील तोट्यात चालणारे विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१७ मध्ये घेतला.

लोखंडाचा मार्ग

हे क्षपण स्वस्तात करण्याची रीत आंत्वान बेशाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये दाखवून दिली. नायट्रोबेंझीन, पाणी, थोडे आम्ल आणि लोखंडाचा चुरा एकत्र तापवला की लोखंड ऑक्सिजन ओढून घेते व अ‍ॅनिलिन तयार होते. या पद्धतीस उच्च दाबाची भांडी लागत नाहीत, हायड्रोजन वायू साठवावा लागत नाही आणि रेणूतील इतर भागांना सहसा धक्का लागत नाही. त्यामुळे लहान कारखान्यांना ती दीर्घकाळ सोयीची वाटत आली.

तथापि तिचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. रासायनिक समीकरणानुसार ३७२ किलो अ‍ॅनिलिनसाठी ५०४ किलो लोखंड लागते व ६९६ किलो लोह ऑक्साइड उरते. म्हणजे एक टन अ‍ॅनिलिनमागे सुमारे १.९ टन कोरडा काळा गाळ. प्रत्यक्षात लोखंड थोडे जादा घालावे लागते आणि गाळ ओला असतो, त्यामुळे वजन याहून अधिक भरते. या गाळाला सेंद्रिय द्रव्ये चिकटलेली असतात. अ‍ॅनिलिनसारखी द्रव्ये त्वचेतूनही शरीरात शिरतात आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती कमी करतात. म्हणून हा गाळ साध्या मातीप्रमाणे रस्त्याच्या भरावात किंवा ओढ्याकाठी टाकता येत नाही.

येथे एक विसंगती ध्यानात येते. खनिजातील ऑक्सिजन काढण्यासाठी भट्टीत मोठी ऊर्जा खर्च करून लोखंड मिळवायचे, आणि तेच लोखंड क्षपणासाठी वापरून त्याचे पुन्हा ऑक्साइड करून टाकायचे. एका कारखान्याने केलेले काम दुसरा कारखाना उलट करतो. हा गाळ वाया जाऊ नये म्हणून जर्मनीत १९२० च्या दशकात लाउक्स यांनी क्रियेची परिस्थिती अशी बदलली की त्यातून विक्रीयोग्य लोह ऑक्साइडची रंगद्रव्ये मिळावीत. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल कसा होऊ शकतो, याचे ते उत्तम उदाहरण होय.

उत्प्रेरकाचा मार्ग

दुसरा मार्ग हायड्रोजन वायूचा. पॉल साबात्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारीक निकेलवर हायड्रोजन व सेंद्रिय द्रव्यांची वाफ यांचा संयोग घडवून आणला. या कार्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. घरोघरी परिचित असलेले वनस्पती तूप याच शोधाचे फळ. पुढे अमेरिकन अभियंता मरी रेनी यांनी निकेल व अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूतील अ‍ॅल्युमिनियम अल्कलीने विरघळवून छिद्रमय निकेल तयार केले व १९२७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. 'रेनी निकेल' हे नाव आजही रासायनिक कारखान्यांत रोजच्या वापरातले आहे.

या मार्गाने एक टन अ‍ॅनिलिनसाठी सुमारे ६५ किलो हायड्रोजन लागतो आणि उपपदार्थ म्हणून सुमारे ३९० किलो पाणी मिळते. गाळाच्या जागी पाणी, हा मोठाच फरक होय. मात्र हे पाणीही अ‍ॅनिलिनचा अंश घेऊन येते. त्यावर प्रक्रिया करावीच लागते.

शिवाय हा मार्ग निर्धोक नाही. हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान हायड्रोजन मिसळला तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. नायट्रो संयुगांच्या क्षपणात फार उष्णता बाहेर पडते. ती वेळेवर काढून घेतली नाही तर क्रिया हाताबाहेर जाते. कोरडे रेनी निकेल हवेत आपोआप पेट घेते, म्हणून ते पाण्याखाली ठेवतात. गंधकाच्या अंशानेही निकेल निष्प्रभ होते. रेणूत क्लोरीन असेल तर नको तेथे तोही निघून जाण्याचा संभव असतो. उत्प्रेरकाचा मार्ग पत्करायचा तर प्रशिक्षित कामगार, योग्य यंत्रसामग्री आणि संशोधन यांची जोड अपरिहार्य ठरते.

संशोधकाचे काम कोठे सुरू होते?

पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालेले एक संशोधन या संदर्भात समजून घेण्याजोगे आहे. पॅरासिटामॉल या तापावरील औषधासाठी पॅरा-अमिनोफिनॉल हे द्रव्य लागते. जुन्या पद्धतीत ते क्लोरीनयुक्त नायट्रो संयुगापासून अनेक टप्प्यांनी करीत आणि अखेरचे क्षपण लोखंडाने होई. प्रयोगशाळेतील डॉ. सी. व्ही. रोडे, डॉ. आर. व्ही. चौधरी व त्यांचे सहकारी यांनी नायट्रोबेंझीनपासून प्लॅटिनम उत्प्रेरकाच्या साहाय्याने हे द्रव्य एकाच पात्रात करण्याच्या पद्धतीचा अभ्यास करून १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला.

यातील मर्म असे : नायट्रोबेंझीनचे क्षपण होताना वाटेत फिनिल हायड्रॉक्सिलअमाइन नावाचे अल्पजीवी द्रव्य तयार होते. त्याला आणखी हायड्रोजन मिळाला तर अ‍ॅनिलिन होते. परंतु आम्लाची गाठ पडली तर त्याच्या अणूंची मांडणी बदलून पॅरा-अमिनोफिनॉल होते. म्हणजे येथे दोन वाटा फुटतात. हायड्रोजनचा दाब, आम्लाचे प्रमाण, तापमान आणि उत्प्रेरकाची मात्रा यांचा मेळ घालून रेणूला हव्या त्या वाटेला लावणे, हे संशोधकाचे कौशल्य. प्रत्येक क्रियेत वेग हवाच असतो असे नाही. निवड अधिक मोलाची असते.

शाळा व ग्रामपंचायत यांच्यासाठी

वर दिलेला वजनांचा हिशेब माध्यमिक शाळेत फळ्यावर सहज मांडता येईल. अणुभार ठाऊक असलेला विद्यार्थी एका टनामागील गाळ स्वतः काढू शकेल. उत्प्रेरकाची कल्पना देण्यासाठी औषधी दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याची चकती टाकावी. ऑक्सिजनचे बुडबुडे झपाट्याने येऊ लागतात. येथे बटाट्यातील विकर उत्प्रेरकाचे काम करते. हायड्रोजनचे प्रयोग मात्र वर्गात करू नयेत.

कारखान्याच्या परिसरातील ग्रामपंचायतींनी नेमके प्रश्न विचारावेत. येथे क्षपण लोखंडाने होते की हायड्रोजनने? लोखंडाने होत असल्यास महिन्याला किती गाळ निघतो व तो कोठे जातो? हायड्रोजनने होत असल्यास आपत्कालीन योजना गावाला समजावून दिली आहे काय? निकामी झालेला उत्प्रेरक कोणाकडे पाठवला जातो? २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा कारखान्यात सामान्यतः ९० दिवसांहून अधिक काळ साठवता येत नाही व तो पाठवताना प्रत्येक खेपेची कागदोपत्री नोंद ठेवावी लागते. घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे सामाईक केंद्र याच जिल्ह्यात तळोजे येथे आहे. घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्याच्या प्रवेशद्वाराबाहेर रसायनांची व कचऱ्याची माहिती देणारा फलक असतो. तो वाचण्याची सवय सदस्यांनी लावून घ्यावी.

उद्योग हवा की नदी, असा प्रश्न नेहमी मांडला जातो. रसायनशास्त्र मात्र दाखवते की तेच द्रव्य एकाहून अधिक मार्गांनी तयार होऊ शकते आणि प्रत्येक मार्गाची किंमत वेगळी असते. ती किंमत कारखान्याच्या जमाखर्चात दिसली नाही, तर कुंडलिकेच्या पाण्यात आणि काठच्या शेतात दिसते. मार्गाची निवड संशोधक व उद्योजक करतील. परंतु निवडीला वाव आहे, एवढे गावाला ठाऊक असले तरी पुष्कळ साधेल.